खालून तिसऱ्या ओळीतलं मेंढरू

मी निघाले त्या दिवशी दादांनी माझ्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप तीन वेळा ओढून पाहिलं. गोरेगावच्या स्टँडवर हिंगोलीची जीप भरत होती. ड्रायव्हर पेटी टपावर टाका म्हणत होता आणि माझे वडील ती हातातून सोडत नव्हते.

"मामा, सोनं हाय का पेटीत?"

"पोरीची पुस्तकं हायत."

"मंग कोण चोरून राहिलं! टाका वर."

दादांनी पेटी वर टाकली नाही. ती आमच्या दोघांच्या पायांत ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन आम्ही हिंगोलीपर्यंत गेलो. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. माझ्या दाखल्यावर अजून परभणीच होतं. असा कागद पाहून कॉलेजवाले पोरीला परत पाठवतील, अशी दादांना शंका होती. औरंगाबादची एसटी लागली. माझ्या शेजारच्या मुलीला तिचे वडील खिडकीतून सांगत होते, नीट अभ्यास कर, वेळेवर जेव. मला वाटलं, आता दादाही तेच म्हणतील. ते खिडकीशी आले, मागंपुढं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "लोक इचारतील, मेंढरं किती हायत. आकडा सांगू नको."

माय स्टँडवर आलीच नव्हती. ती मेंढरांमागं होती. तिनं तिचं सांगणं आदल्या दिवशीच उरकून घेतलं होतं. "कोणी खायाला दिलं तं आदी त्याला खाऊ दे. मंग तू खाय."

एवढे दोन उपदेश घेऊन मी चित्रकला शिकायला गेले.

हे मी ज्यांच्यासाठी लिहिते आहे, त्यातली काही माणसं अजून गोरेगाव-सेनगावच्या पट्ट्यात मेंढरांमागं आहेत. त्यांना हे कोणीतरी वाचून दाखवील. बाकीची माझ्यासारखी त्याच जिपांत बसून निघून गेली. माझ्या प्रदर्शनात जे झालं त्याच्या तीन-चार गोष्टी आमच्याकडं फिरतात. एकीत मी बापाची लोकर विकली आहे, एकीत दादांनी शहरातल्या मोठ्या माणसांना झापलं आहे. त्यातली एकही पूर्ण खरी नाही आणि साफ खोटीही नाही. म्हणून जसं झालं तसं सांगायचा प्रयत्न करते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. मग एखादं हरवलं तर कसं कळतं, असं विचारतात. सांज झाली की दादा कळपावरून एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, "बांडी कुठं हाय?" कोण आलं नाही ते त्यांना दिसतं, त्यामुळं किती आहेत याची त्यांना गरज पडत नाही. आकडा बोलला की नजर लागते असं माय म्हणते. दादांचं कारण वेगळं आहे. आकडा कळला की ज्याच्या रानात मेंढरं बसवायची तो शेतवाला वेगळं बोलायला लागतो, आणि लोकर घेणारा त्याहून वेगळं. दादांच्या मते, ज्याला आपलं सगळं माहीत झालं तो माणूस आपल्याशी पहिल्यासारखा बोलत नाही.

कॉलेजात फीसवलतीच्या अर्जावर 'पशुधन' असा रकाना होता. मी 'आहे' असं लिहिलं. खिडकीतले क्लार्क म्हणाले, "आहे म्हणजे? किती?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे पाच की पन्नास?"

मी अर्ज आणखी आत सरकवला.

"अगं बाई, मी काय न्यायला येणार आहे का तुझ्या मेंढ्या?"

मला वाटलं, न्यायला येणार नसाल तर विचारता काहून? पण बोलले नाही. शेवटी वैतागून त्यांनीच रकान्यात 'अनेक' असं लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

पहिल्या वर्षी माझं असंच चाललं. होस्टेलच्या मेसमध्ये मी दुसऱ्यांनी पहिला घास घेईपर्यंत थांबायची. माझी रूममेट कल्पना लातूरची होती. तिला वाटायचं मी देवाचं नाव घेते. कोणी चित्र चांगलं आहे म्हणालं की मी त्याच्या तोंडाकडं पाहायची, हसतंय का म्हणून. घरी कोणी कशाला चांगलं म्हणत नाही. मेंढरू चांगलं असलं तर दादा त्याच्या तोंडावर त्याला 'मरतुकडी' म्हणतात.

एकदा आमचे सर वर्गात म्हणाले, "पुढच्या तासाला प्रत्येकानं वेगवेगळे पोत घेऊन यायचे." ते पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे. मला वाटलं, ह्यांना पोतं म्हणायचं आहे, अनुस्वार खाल्ला असेल. पोती कशाला हवीत ते कळलं नाही, पण सरांना विचारायचं धाडस नव्हतं. धान्याच्या मोंढ्यात जाऊन मी तीन प्रकारची पोती आणली. एक तागाचं, एक प्लास्टिकचं आणि एक हळदीचं, आतून पिवळं झालेलं. बाकीच्यांनी सँडपेपर, झाडाची साल, मखमलीचा तुकडा असं काय काय आणलं होतं. पोत म्हणजे एखाद्या गोष्टीचा हाताला लागणारा पृष्ठभाग, हे मला त्या तासाला कळलं. वर्ग पाच मिनिटं हसत होता. सर हसले नाहीत. त्यांनी हळदीच्या पोत्यावर तळवा फिरवला आणि म्हणाले, "हिनं बरोबर आणलंय. यावर काम कर." ते खरंच म्हणाले की माझी लाज राखायला, याचा मी पुढं वर्षभर विचार करत होते. पण त्या दिवसापासून मी कागद सोडला आणि पोत्यावर काम करायला लागले. त्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात हे मागाहून कळलं.

चौथ्या वर्षी शहरातल्या एका छोट्या कलादालनात आम्हा सात जणांचं प्रदर्शन ठरलं. विषय होता, स्वतःच्या आठवणी. ते बघायला मुंबईहून परीक्षक येणार होते. सरांनी मला मोठी भिंत दिली. मी काय करायचं ते लगेच ठरवलं. आमचा कळप. पण मेंढरं रंगवायची नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत घरी कातरणी असते. प्रत्येक मेंढराच्या लोकरीचा एक एक पुंजका घ्यायचा आणि पोत्यावर ओळीनं बसवायचा, खाली गेरूचा ठिपका, जसा आम्ही पाठीवर देतो तसा.

घरी हे सांगितल्यावर मायचा हात भाकरीवर थांबला. "एकेकीचे येगळे येगळे केस? काहून?"

"चित्रात लावायचे हायत."

"केस कोणी चित्रात लावतं का? केस कशात लावतात ते म्हाईत हाय मला."

करणीत. ती शब्द बोलली नाही, पण मला ऐकू आला. काका, म्हणजे दादांचा धाकटा भाऊ, बाजूला बसून कातरीला धार लावत होते. ते म्हणाले, "तिला कोणी तरी मागितले असतील. इचार तिला, कोणी मागितले?"

दादांनी काकांच्या हातातली कातर घेतली. मग म्हणाले, "मी देतो कातरून. पण कोणाच्या हातात देऊ नको." दोन दिवस ते प्रत्येक मेंढरू कातरताना खांद्याजवळचा एक पुंजका माझ्या पदरात टाकत होते. मी दोरा बांधत होते. मोजत नव्हते. ते मेंढराचं नाव सांगायचे, मी चिठ्ठीवर लिहायची. त्या दोन दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या तीन वर्षांत बोललो नव्हतो.

काम लावताना मात्र घोटाळा झाला. ओळी किती आणि एका ओळीत किती, ते मी इथं लिहिणार नाही, कारण कोणी गुणाकार करून पाहील. एवढंच सांगते की सगळ्या ओळी सारख्या करायच्या तर एक पुंजका कमी पडत होता. सर म्हणाले, "शेवटी एकच जागा मोकळी राहिली तर चूक वाटेल. भर ती." घरून मागवायला दिवस नव्हते. होस्टेलच्या रस्त्यावर एका पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. तिथं कापसाच्या ढिगाशेजारी लोकरीचंही एक पोतं असायचं. तो आत धुनकी चालवत होता. पोत्यातून खाली सांडलेला एक काळपट पुंजका मी उचलला आणि निघून आले. त्याला विचारलं नाही. आणि तो शेवटच्या जागी न लावता, तिथली लोकर सरकवून, मी तो खालून तिसऱ्या ओळीत मध्ये लावला. का, तर शेवटी असता तर डोळ्यात भरला असता.

कामाला नाव दिलं 'कळप'. खालच्या पट्टीवर साहित्य लिहावं लागतं. लोकर, गेरू, गोणपाट. त्यापुढं सरांनी आकडाही टाईप करून घेतला, इतके भाग म्हणून. मी "सर, आकडा नको" म्हणाले. ते म्हणाले, "पद्धत आहे." पट्टी तशीच लागली.

इकडं घरी दिवाळीनंतर गारठा पडला आणि दोन मेंढरं दगावली. काकांनी गोरेगावच्या बाजारात ज्याला त्याला सांगितलं, पोरीनं केस नेले आन् मेंढरं बसली. आत्याला सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं. चार लोकांनी दादांना विचारलं, तुमची पोरगी तिथं नेमकं काय करून राहिली? दादांनाही ते माहीत नव्हतं. प्रदर्शन सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या फोनवर त्यांचा निरोप आला, "शनवारी येऊन राहिलो. सामान बांधून ठेव."

माझं एक वर्ष राहिलं होतं. मी सामान बांधलं. कल्पना म्हणाली, समजावून सांग ना त्यांना. पण काय सांगणार? मी करते ते काय आहे हे मलाच चार वाक्यांत सांगता येत नव्हतं. एकच आशा होती, की ते डोळ्यांनी पाहतील.

दादा स्टँडवरून थेट कलादालनात आले. दारात चपला काढल्या. वॉचमन म्हणाला, "चाचा, पहनके जाओ, चलता है." दादांनी त्या घातल्या नाहीत आणि तिथं सोडल्याही नाहीत. हातात धरून आत आले. पांढऱ्या भिंती, वरून दिवे, थंडगार फरशी. बाकी सहा जणांच्या कामांकडं त्यांनी वळूनही पाहिलं नाही. माझ्या भिंतीपाशी आले आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली.

"बांडी," ते म्हणाले. मग थोडं सरकून, "लंगडी. ही काळतोंडी. ही मरतुकडी." एकेका पुंजक्यापाशी नाक नेऊन, काही ठिकाणी बोट लावून. चिठ्ठ्या मी लावलेल्या नव्हत्या. दगावलेल्या दोघींपाशी ते जरा थांबले, नाव घेतलं नाही. लोक हळूहळू आमच्या मागं जमले. कोणी तरी कुजबुजलं, "आर्टिस्टचे वडील." मी एकदा हळूच त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा कातरणीच्या वेळी असतो तसा झाला होता. मला वाटलं, आता सामान सोडायला हरकत नाही.

खालून तिसऱ्या ओळीत ते थांबले. खाली बसले. परत वास घेतला.

"हे कोणाचं?"

"आपलंच, दादा."

"आपलं न्हाई."

"तुमीच तं कातरून दिलं सगळं."

"मी कातरलेलं मला कळत न्हाई व्हय? हिला वासच न्हाई. ही रानात गेलेलीच न्हाई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कुठून आणलं?"

मी शेजारचा पुंजका दाबून बसवायला लागले.

"मधी घातलं," ते म्हणाले. "चोर बी मधीच घालतो. कडंला न्हाई घालत."

इथं एक सांगायला हवं. आमच्यात परकं मेंढरू कळपात आलं तर लपवायचं नसतं. ज्या गावाच्या शिवारात असू, त्या गावाच्या पारावर जाऊन मोठ्यानं तीन वेळा विचारायचं. कोणी पुढं आलं नाही तर पुढच्या गावात विचारायचं. न विचारता जो ठेवतो त्याला आमच्यात कोणी पाणी देत नाही. दादांनी आयुष्यात असं कितीदा तरी विचारलं असेल. ते उठले, लोकांकडं तोंड केलं, आणि चपला हातात तशाच धरून कलादालनात मोठ्यानं बोलले,

"मंडळी, ह्यातलं एक मेंढरू आमचं न्हाई. कोणाचं हाय? ज्याचं असंल त्यानं बोलावं."

कोणी बोललं नाही. दादांनी दुसऱ्यांदा विचारलं. मागून कोणी तरी टाळ्या वाजवल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, "परफॉर्मन्स आहे गं." तिसऱ्यांदा विचारताना दादांचा आवाज जरा कमी झाला. ह्या गावाला रीतच नाही, असं त्यांना वाटलं असावं.

सर धावत आले. काय झालं ते त्यांना कळलं तेव्हा ते समजुतीनं म्हणाले, "बाबा, एक पुंजका आहे. कोणाला कळतंय?"

"मला कळून राहिलं ना."

"उद्या परीक्षक येणार आहेत. आता काढला तर मध्येच भोक पडेल. तिचं नुकसान होईल."

दादा वळले आणि माझ्याकडं पाहत राहिले. रागानं नाही. बाजारात नवं मेंढरू घेताना पाहतात तसं. मला कळलं की काका जे सांगत होते ते खरं की खोटं, याचा निकाल आत्ता इथं लागणार आहे. मी लबाड आहे की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. माझं चित्र चांगलं आहे की वाईट, याचा त्यात काही संबंध नव्हता.

"गादीच्या दुकानातून आणलं," मी म्हणाले. "एक कमी पडत होतं."

"इचारलं होतं का त्याला?"

"खाली पडलेलं होतं."

"पडलेलं मेंढरू बी मालकाचंच असतं, बाई."

मी गुडघे टेकले आणि तो पुंजका नखांनी ओढून काढला. डिंक पक्का बसला होता. त्याच्यासोबत पोत्याचे चार धागेही निघाले आणि खाली फाटकी, उघडी जागा राहिली. सर तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणाले आणि निघून गेले. मला रडू येत होतं, पण दादांसमोर रडले नाही.

मग माझं लक्ष खालच्या पट्टीकडं गेलं. त्यावरचा आकडा आता चुकला होता. मी पिशवीतून पेन काढून तो दुरुस्त करायला लागले, तर दादांनी माझा हात धरला. त्यांना अक्षर येत नाही, आकडे येतात.

"हा आकडा मेंढरांचा हाय?"

"व्हय." मला वाटलं, आता सगळंच संपलं.

"आता बराबर न्हाई ना हा?"

"न्हाई. एक जास्त हाय."

"मंग राहू दे," दादा म्हणाले. "चुकीचा हाय तेच बरं हाय." आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते जरासे हसले.

तिथून आम्ही गादीच्या दुकानात गेलो. मी म्हणत होते की उद्या मी देऊन येते, पण दादांना माझ्यावर ते सोडायचं नव्हतं. पिंजारी कापसानं पांढरा झालेला म्हातारा होता. दादांनी रुमालातून पुंजका काढून त्याच्यापुढं धरला आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "ये तुमारा है. हमारे में आ गया था."

म्हाताऱ्यानं पुंजक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग दादांच्या पागोट्याकडं. मला भीती वाटली की तो हसेल. हसला नाही. हात पायजम्याला पुसून त्यानं तो घेतला. "मेहरबानी, चाचा. ढूंढ रहा था," तो म्हणाला आणि लोकरीच्या पोत्यात नीट ठेवला. तो काही शोधत नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यानं चहा मागवला. चहा आला तेव्हा दादांनी आधी त्याला पिऊ दिला, मग स्वतः प्यायले, आणि मग मला खूण केली.

स्टँडवर हिंगोलीची गाडी उभी होती. आत पाच-सहा माणसं. मी धीर करून विचारलं, "दादा, सामान घेऊन येऊ का होस्टेलवरून?"

दादांनी त्या मोकळ्या गाडीकडं पाहिलं. "एवढ्या गर्दीत कुठं आणतीस," ते म्हणाले. आणि चढले.

नंतर कळलं ते मायकडून. घरी काकांनी विचारलं, काय पाहिलं म्हणून. दादांनी एवढंच सांगितलं, "परकं व्हतं ते माझ्यासमोर काढून टाकलं तिनं." आमच्यात त्यापुढं बोलण्यासारखं काही उरत नाही.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना ती रिकामी जागा फार आवडली, पण पहिला क्रमांक दुसऱ्या मुलाच्या काचेच्या कामाला गेला. एका पेपरवाल्यानं विचारलं, त्या पोकळीतून तुम्हाला काय सुचवायचं आहे? मी म्हणाले, तिथलं मेंढरू आमचं नव्हतं. त्यानं मान डोलावली आणि छापलं की ही स्थलांतरितांच्या मनातली पोकळी आहे. मी ते कात्रण घरी पाठवलं नाही.

आता मी पुण्यात आहे. इथं चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ भेटतात. कामापुढं दोन मिनिटं उभी राहतात, 'किती अस्सल' म्हणतात, कॅटलॉग घेतात, पुढं जातात. त्यांनी काही चूक केलेली नाही, हे मला कळतं. पण त्यांच्यासमोर मी वाटेल ते लावलं तरी चालेल, असं मनात येतं आणि भीती वाटते. कुठून आणलं, कोणाला विचारलं, हे इथं कोणी विचारत नाही.

घरी गेले की बायका माझ्यासमोर वेणी घालायला बसत नाहीत. बसल्या तर विंचरलेले केस गुंडाळून कनवटीला लावतात. आत्या कोकरू मांडीवर देते, पण तिची नजर माझ्या बोटांवर असते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी विहिरीवर जाऊन रडले होते. आता तेवढं लागत नाही. त्यांना माझ्याबद्दल शंका आहे, म्हणजे मी काय करते याच्याशी त्यांचं अजून काही तरी देणंघेणं आहे. माझ्यासोबत त्या जिपांतून गेलेल्यांपैकी काही जणांना आता गावात कोणी काहीच विचारत नाही. चहा मिळतो, खुर्ची मिळते. मला अजून खुर्ची मिळत नाही. घर कुठं आहे असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. जिथं मला अजून खुर्ची मिळत नाही, तिथं.

मागच्या महिन्यात मायच्या जुन्या लुगड्यांच्या काठांवर नवं काम पुरं केलं. दादा गोरेगावला बाजाराला आले की एसटीडीवरून फोन करतात, तेव्हा त्यांना सांगितलं.

"मायला इचारलं व्हतं का?"

"व्हय."

"सगळे काठ तिचेच हायत?"

"व्हय, दादा. सगळे तिचेच."

पलीकडं त्यांनी कोणाला तरी थांब म्हटलं. मग ते म्हणाले, "असंल. तू म्हणतीस तं असंल."

असं ते शेतवाल्यांशी बोलतात, पाहुण्यांशी बोलतात. माझ्याशी कधी बोलले नव्हते. फोन ठेवतील असं वाटलं. मग त्यांनी घसा खाकरला.

"हिंगोलीहून पुण्याची गाडी किती वाजता सुटती गं?"